वाढीची इंजेक्शने आणि मूत्रपिंडाची चाळणी

सातारा आणि सांगली ही कुस्तीची माती. 1952 च्या ऑलिंपिकमधील कांस्यपदकाचे मानकरी खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. आता तालमीशेजारी जिम आली आहे आणि दूध-बदामाच्या खुराकासोबत झटपट अंग भरवणाऱ्या इंजेक्शनांची कुजबुजही. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने वृद्धिघटकांवर बंदी घातली आहे. त्याची चर्चा होते ती पदक आणि फसवणुकीपुरती. मूत्रपिंडाचे कोणी बोलत नाही.

वृद्धिघटक म्हणजे पेशींना ‘वाढा, विभागा’ असा निरोप देणारी प्रथिने. निरोप स्नायूसाठी असला, तरी रक्तात मिसळला की तो सगळीकडे पोहोचतो. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गुच्छांवर पायासारखे फाटे असलेल्या पेशी चाळणी धरून बसलेल्या असतात. त्यांना विभागता येत नाही, हीच खरी अडचण. 1995 च्या सुमारास उंदरांच्या जातीच्या रॅट या प्राण्यांना एफजीएफ-2 हा घटक दीर्घकाळ दिला गेला, तेव्हा या पेशींची केंद्रके दुभंगली, पेशी मात्र दुभंगल्या नाहीत. त्या जागेवरून सुटू लागल्या, लघवीतून प्रथिने गळू लागली, मागे वण राहिले.

सगळे घटक सारखे नाहीत. 1988 च्या एका प्रयोगात वाढीचे संप्रेरक सतत जास्त बनवणाऱ्या उंदरांच्या मूत्रपिंडात वण वाढत गेले. आयजीएफ-1 बनवणाऱ्यांत गुच्छ फुगले, पण वण पडले नाहीत. शिवाय प्राण्यांतले निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. एफजीएफ-2 चा इशारा मात्र खरा ठरला. पायाच्या रक्तवाहिन्या आखडलेल्या रुग्णांना तो शिरेतून देण्याची चाचणी थांबवावी लागली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार औषध मिळालेल्या 16 पैकी 5 जणांच्या लघवीत मोठ्या प्रमाणात प्रथिने आढळली. तिथे मात्रा मोजूनमापून होती, देखरेखही होती. लेबल नसलेल्या कुपीत यातले काहीच नसते.

गुडघ्यात स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स टोचण्याचा उपचार यात मोडत नाही. तो एका सांध्यापुरता असतो आणि 2011 पासून ‘वाडा’च्या यादीतही नाही.

पिळदार शरीराच्या तरुणाचे क्रिएटिनिन मुळातच थोडे जास्त असते, म्हणून वाढलेला आकडा ‘स्नायूंमुळे’ म्हणून सोडून दिला जातो. उलट चाळणी गळू लागली तरी सुरुवातीला तो आकडा हलतही नाही. गळती आधी दिसते ती लघवीतील अल्ब्युमिनच्या तपासणीत. लघवीला सतत फेस येत असेल, तर आधी तीच करून घ्यावी आणि घेतलेले इंजेक्शन डॉक्टरांपासून लपवू नये.