बिबट्याच्या डोक्यातला नकाशा

नाशिकच्या गंगापूर रोडला बिबट्या नवा नाही. एका अंगाला गोदावरीचा काठ, पुढे मळे आणि द्राक्षबागा आणि त्यांना भिडत गेलेल्या सोसायट्या, अशी ही वस्ती. जानेवारी २०१९ मध्ये सावरकरनगर भागात शिरलेल्या बिबट्याने काही जणांना जखमी केले. त्यात वार्तांकनासाठी आलेले पत्रकारही होते. अशा घटनेनंतर चर्चा होते ती पिंजऱ्यांची. भिंती आणि माणसांच्या मधे सापडलेले जनावर वाट कशी शोधते, हा प्रश्न मागे पडतो. मेंदूविज्ञानाकडे त्याचे उत्तर पूर्ण नसले, तरी उपयोगी पडावे एवढे नक्कीच आहे.

१९७१ मध्ये लंडनमध्ये जॉन ओकीफ यांना उंदरांच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात एक विलक्षण गोष्ट आढळली. उंदीर ठरावीक जागी आला की ठरावीक पेशी चेतते, दुसऱ्या जागी गेला की दुसरी. या झाल्या स्थानपेशी. २००५ मध्ये नॉर्वेतील मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांच्या गटाने शेजारच्या भागात जाळीपेशी शोधल्या. त्या आलेखाच्या कागदावरील चौकटींसारखे अंतर मोजतात, फक्त त्यांची जाळी षटकोनी असते. या तिघांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण रिकाम्या जागेचा नकाशा पुरेसा नसतो. वाटेत भिंत आली तर काय? इथे संगणकाने प्रयोगशाळेला मागे टाकले. अमुक दिशेला, अमुक अंतरावर भिंत असेल तेव्हाच चेतणाऱ्या पेशी मेंदूत असाव्यात, असे भाकीत लंडनच्या संशोधकांनी संगणकीय प्रारूपावरून २००० च्या सुमारास मांडले. तशा पेशी उंदरांच्या मेंदूत सापडल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पेटीत नवा अडथळा उभा केला की त्या अडथळ्यापाशीही त्या चेतू लागतात.

पुढचा प्रश्न वळसा घेण्याचा. २०२२ मध्ये लंडनच्याच संशोधकांनी उंदीर, माणसे आणि संगणकातील कृत्रिम 'वाटसरू' यांना सतत बदलणाऱ्या अडथळ्यांतून जाण्याचे एकच कोडे घातले. वाटसरू तीन प्रकारचे होते. एक केवळ सवयीने चालणारा, दुसरा प्रत्येक वेळी पूर्ण नकाशा डोळ्यांपुढे ठेवून हिशेब करणारा आणि तिसरा 'या जागेनंतर बहुधा कुठे पोचतो' हे अनुभवाने शिकलेला. उंदीर आणि माणसे दोघेही तिसऱ्याशी सर्वाधिक जुळले. अशा नकाशात अनुभव साठलेला असतो, म्हणून तो झटपट वापरता येतो. पण भिंत हलली की तो नव्याने जुळवायला फेऱ्या माराव्या लागतात, वेळ जातो.

बिबट्याच्या मेंदूत कोणी या पेशी मोजलेल्या नाहीत. मात्र स्थानपेशी उंदीर, वटवाघूळ आणि माणूस अशा एकमेकांपासून दूरच्या सस्तन प्राण्यांत सापडल्या आहेत. बिबट्या त्याला अपवाद असेल, असे मानायला कारण नाही. तसे असेल तर गल्लीत जमलेला जमाव म्हणजे त्याच्यासाठी क्षणाक्षणाला सरकणारी भिंत. आलेली वाट माणसांनी बुजवलेली, पुढची अनोळखी आणि नकाशा जुळवायला उसंत नाही. अशा वेळी तो समोरच्या माणसावर धावला, तर त्याला निव्वळ क्रौर्य म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही.

उलट बाजू 'आजोबा'ने दाखवली. नगर जिल्ह्यातील टाकळी ढोकेश्वर भागात विहिरीतून वाचवलेल्या या बिबट्याला २००९ मध्ये गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडण्यात आले. महामार्ग, रेल्वेमार्ग आणि वस्त्या ओलांडत, सुमारे १२० किलोमीटर चालून तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. २०११ मध्ये वाहनाच्या धडकेत तो मेला. त्याच्या मागावर असलेल्या विद्या अत्रेय यांच्या जुन्नर परिसरातील अभ्यासातून एक गंभीर गोष्टही पुढे आली होती. पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडल्यावर, सोडल्या ठिकाणांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले होते. परक्या मुलखात टाकलेल्या जनावराचा जुना नकाशा निरुपयोगी होतो, हे त्यामागचे एक कारण असू शकते.

यातून निघणारे धडे अवघड नाहीत. बिबट्या दिसला की आधी गर्दी हटली पाहिजे. मळ्याच्या किंवा नदीच्या दिशेची एक बाजू मोकळी हवी आणि शक्य तिथे अंधाराची वाट पाहायला हवी. मोबाइल उंचावून धावणाऱ्यांना रोखणे हे पोलिसांचे पहिले काम ठरावे, म्हणजे वन कर्मचाऱ्यांना आपले काम करता येईल. आणि 'पकडा, लांब सोडा' ही मागणी लोकप्रतिनिधींनी उठल्यासुटल्या करू नये. गंगापूर रोडवर भिंती वाढतच जाणार आहेत. निदान माणसांची भिंत उभी करायची की नाही, हे आपल्या हाती आहे.