दुर्बीण आणि ओळंबा
सध्या मुक्काम लेकीकडे, पेनसिल्व्हेनियात. इथे थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांच्या रायफल-शिकारीचा हंगाम सुरू होतो. गेल्या आठवड्यात शेजारचे आजोबा गॅरेजमध्ये रायफलीवर दुर्बीण चढवत बसले होते आणि मी चहाचा कप हातात घेऊन तासभर तिथेच. आधी त्यांनी बोल्ट काढून रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री केली, ती पाणसळीत पक्की बसवली, आणि समोरच्या कुंपणाला चक्क ओळंबा टांगला! आपल्या गवंड्याकडे असतो तसाच, दोरी आणि खाली वजन. दुर्बिणीतली उभी रेघ त्या दोरीशी जुळेपर्यंत ते ती केसाकेसाने फिरवत राहिले. रेघ तिरकी राहिली तर शंभर यार्डांवर काही कळत नाही. पण तीनशे यार्डांसाठी दुर्बिणीवरची नेम वर-खाली करायची चकती फिरवली की गोळी बाजूला जाते. डोळा दुर्बिणीपासून साधारण साडेतीन इंच मागे हवा, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. दुसऱ्या दिवशी रेंजवर तीन गोळ्या, मग चकतीचे खटके. शंभर यार्डांवर एका खटक्याला नेम सरकतो जेमतेम पाव इंच. शिकार मला मुळीच आवडत नाही, आणि आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने तिला चाप लावला हे फार चांगलं झालं. पण जिथे ती चालते, तिथे एवढी मेहनत न घेता रानात शिरणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगार आहे. त्याची गोळी काळजाऐवजी पोटात बसते आणि हरीण तासन्‌तास तडफडतं. आजोबांच्या शेवटच्या तीन गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली.