खटल्यापुरते उरलेले वृत्तपत्र

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास १८३२ च्या 'दर्पण'पासून १८८१ च्या 'केसरी'पर्यंत आणि तेथून मुंबई-पुण्याच्या दैनिकांपर्यंत एका सरळ रेषेत मांडण्याची आपली रीत आहे. सातारा-सांगलीकडील पत्रे या मांडणीत येतात ती पुरवणी म्हणून. हा दोष विस्मरणाचा नसून पद्धतीचा आहे.

'प्रतोद'चे उदाहरण घ्यावे. इस्लामपूरहून निघणारे हे छोटे पत्र १८९७ मधील राजद्रोहाच्या खटल्यामुळे ज्ञात झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या ज्या पूर्णपीठाने कलम १२४-अ मधील 'अप्रीती' या संज्ञेचा अर्थ लावला, त्यात न्यायमूर्ती म. गो. रानडे होते. 'प्रतोद' त्यामुळे कायद्याच्या ग्रंथांत चिरंजीव झाले. त्याची भाषा आणि त्याचा वाचक यांविषयी मात्र आपली समीक्षा मौन पाळते. ज्या पत्रावर सरकारने खटला भरला नाही, त्याला इतिहासच नाही, असा याचा अर्थ होतो. वसाहतवादी सत्तेने केलेली निवड आपण राष्ट्रवादाच्या नावाने कायम केली आहे.

हेच 'प्रतोद' साताऱ्याचे मानावे की सांगलीचे? इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. सांगली-मिरज संस्थानांचा प्रदेश आणि साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके अशा रीतीने एका नावाखाली आले. जिल्हा ही प्रशासनाने आखलेली वस्तू आहे. तिला 'आपला जिल्हा' हा अर्थ दिला तो जिल्हा दैनिकांनी: हळदीच्या सौद्यांचे भाव, कृष्णेची पाणीपातळी, यात्रा, निविदा आणि निधनवार्ता रोज एकत्र छापून. बेनेडिक्ट अँडरसनच्या १९८३ च्या ग्रंथाचा हवाला देत वृत्तपत्रांनी राष्ट्र कल्पिले असे आपण सांगतो. त्यांनी जिल्हाही कल्पिला, याकडे कोण पाहणार? देशीवादाच्या चर्चेत तर स्थानिकता मातीतून उगवलेली मानली जाते. ती रोज पहाटे छापलीही जात होती.

यावर आक्षेप ठरलेला आहे: या दैनिकांचे गद्य सामान्य असते, आणि साखर कारखान्यांच्या व पुढाऱ्यांच्या जाहिरातींवर ती जगतात. आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. कोणी कोणाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या, कोणाचे छायाचित्र मोठे, कोणाचे नाव शेवटी, यांत तालुक्याची सत्तारचना जितकी उघड होते, तितकी ती क्वचितच एखाद्या कादंबरीत होते. सर्व काही संहिता आहे असे म्हणणारी समीक्षा शुभेच्छांच्या जाहिरातीशी येऊन थबकते, तेव्हा तिची जुनी अभिरुचीच बोलत असते.

प्रश्न केवळ सिद्धान्ताचा नाही. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ नष्ट झाले. वृत्तपत्राचा कागद तर ग्रंथाच्या कागदाहून अल्पायुषी. आपल्या मराठी विभागांनी त्याच चार कादंबऱ्यांवर आणखी एक प्रबंध लिहून घेण्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका जिल्हा दैनिकाच्या एका वर्षाच्या अंकांची सूची करून घ्यावी. ते होणार नसेल, तर अंक जातील आणि न्यायनिर्णय तेवढे राहतील. मग इतिहास म्हणून आपल्या हाती फिर्यादीचीच बाजू असेल.