गुलाल उधळला की चित्र का फुटतं?

विसर्जन आटोपलं आणि ढोल-ताशा पथकांचे व्हिडिओ यायला लागले. आमच्या भागातल्या एका पथकाच्या मुलाने परवा कॅमेऱ्यातली मूळ क्लिप आणि यूट्यूबवर चढवलेली तीच क्लिप लागोपाठ दाखवली. मूळ क्लिपमध्ये ताशाच्या काड्यांची टोकं दिसतात, ढोलावर टिपरू पडलं की उडालेला गुलाल कणाकणाने दिसतो. ऑनलाइन त्याच जागी गुलाबी चौकोन, आणि ध्वजाची कडा पार विरलेली. ‘साइटनेच वाट लावली,’ तो म्हणाला. मला ते मान्य नाही, आणि याचं उत्तर त्यांच्याच चॅनेलवर आहे.

तिथे पथकाच्या अथर्वशीर्ष पठणाचा व्हिडिओ आहे. कॅमेरा तोच, १०८० तेच, एक्सपोर्टचा बिटरेटही तोच, ८ एमबीपीएस. तो मात्र सुरेख दिसतो, रेशमी सोवळ्याचे काठसुद्धा मोजून घ्यावेत. फरक आहे तो हालचालीचा. एच.२६४ प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. बहुतेक फ्रेमांत आधीपेक्षा काय बदललं, तेवढंच नोंदवतं. पठणात ओठ हलतात, मागची भिंत जागच्या जागी. मिरवणुकीत गुलालाचा कण न् कण दर फ्रेमला जागा बदलतो, त्यात शंभर हात, झांजा, ध्वज. एवढा बदल ८ एमबीपीएसमध्ये मावत नाही. मग एन्कोडर बारीक तपशील टाकून देतो आणि १६ बाय १६ पिक्सेलचे ठोकळे उघडे पडतात. शिवाय मिरवणूक टिपली होती ६० फ्रेमने. यूट्यूबची स्वतःची शिफारस १०८० साठी ३० फ्रेमला ८ आणि ६० फ्रेमला १२ एमबीपीएस अशी आहे.

गुलाल असेल तर मी १२ वरही थांबणार नाही. सरळ ४० द्या. फाइल जड होईल, रात्रभर अपलोड चालेल, चालू दे. तुम्ही काहीही चढवलं तरी यूट्यूब ते पुन्हा एन्कोड करतंच, आणि तुमच्या एक्सपोर्टमध्ये गेलेला तपशील तिथे परत येत नाही. १०८० चं फुटेज फोर-के करून चढवलं तर प्रेक्षकापर्यंतही जास्त बिटरेट पोचतो. संकलक मंडळी हे सर्रास करतात. आणि अपलोड होताच लिंक वाटू नका. आधी कमी दर्जाची प्रत तयार होते, एचडी नंतर येते.

व्हॉट्सअॅपबद्दल मी पुन्हा लिहिणार, कारण पथकं ऐकत नाहीत. संकलकाकडे क्लिपा तिथूनच जातात. एचडी निवडलं तरी व्हिडिओ ७२० वर उतरतो. त्यापुढे कितीही बिटरेट दिला तरी व्यर्थ. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत फाइल जशीच्या तशी जाते. स्पीकरच्या भिंतींना पैसे मिळतात, मग एका हार्ड डिस्कला का मिळू नयेत?

त्या मुलाकडे मूळ फुटेज अजून कार्डात आहे. पुन्हा एक्सपोर्ट कर म्हटलं, तर त्याला व्ह्यूजची काळजी. यूट्यूबवर फाइल बदलता येत नाही, नव्याने चढवलं की आकडा शून्यापासून. जाऊ देत ते व्ह्यूज. नवा व्हिडिओ चढव, जुन्याच्या खाली त्याची लिंक दे, आणि तोवर कार्ड फॉरमॅट करू नकोस.