डबल ई की आय?

नीटचा निकाल लागला की आपल्या नवी मुंबईत दोघांचा सीझन सुरू होतो. एक अ‍ॅडमिशन कौन्सेलर, दुसरा नोटरी. पोरीला मार्क चांगले पडलेत, पण घरात पेढे नाहीत. का? आधारवर ‘दीपाली’ डबल ई ने आणि दहावीच्या मार्कशीटवर आय ने! कुणीतरी ग्रुपवर टाकतं, “सीट जाईल हं.” आईबापांची झोप उडाली.

स्पष्ट बोलतो. यातली निम्मी भीती विकलेली आहे. पत्त्यात ‘सेक्टर’चं ‘सेक’ झालं, स्वल्पविराम राहिला, म्हणून रात्र जागवू नका. सीट जाते ती प्रवर्ग चुकीचा भरल्याने, नॉन-क्रीमीलेअरची मुदत संपल्याने, जात वैधता हातात नसल्याने. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी डोमिसाईल लागतं. वाशी-नेरूळवाल्यांचं तहसील ठाणे, खारघर-कामोठेवाल्यांचं पनवेल. ते आधी काढा.

उरलेली निम्मी मात्र खरी आहे, आणि तिचा दोष मुलांचा नाही. बोर्ड आडनाव आधी लिहितं, आधारवर स्वतःचं नाव आधी. मराठी नावाचं इंग्रजी कुठल्याशा कारकुनाने त्या दिवशीच्या मूडप्रमाणे केलेलं. ते सुधारायला आधी शाळा, मग वाशीचं विभागीय मंडळ, आणि प्रवेशफेरीची तारीख काही थांबत नाही. त्यात 1 मे 2014 नंतर जन्मलेल्यांच्या नावात आता आईचंही नाव आलंय. निर्णय उत्तमच. पण ही मुलं 2031-32 च्या सुमारास नीटला बसतील तेव्हा चार भागांचं नाव प्रत्येक कागदावर सारखं असेल? मला शंका आहे.

आता दुसरी बाजू बघा. 2024 च्या नीटमध्ये एनटीएने फिजिक्सच्या एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर धरली. सुप्रीम कोर्टाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांना विचारलं, तर बरोबर एकच. 1563 जणांना दिलेले वाढीव गुण आधीच मागे घ्यावे लागले होते. चार लाखांवर मुलांचे गुण बदलले, 720 पैकी 720 वाले 67 चे 17 उरले. एवढ्या मोठ्या यंत्रणेला चूक सुधारायची मुभा, आणि सतरा वर्षांच्या पोरीला एका अक्षराची नाही?

बरं, कोर्टाचं मतही काही गुपित नाही. बिहारच्या एका तरुणाने पोलीस शिपाई भरतीचे सगळे टप्पे पार केले. सायबर कॅफेतून भरलेल्या अर्जात जन्मतारीख 18 ऐवजी 8 डिसेंबर पडली म्हणून त्याला नापास ठरवलं. 2 जानेवारी 2024 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. चूक क्षुल्लक, तिचा त्याला काडीचा फायदा नाही, मग शिक्षा कसली? प्रकरण नोकरीचं होतं, पण न्याय तोच लागू पडतो. फक्त त्यासाठी प्रत्येकाने सुप्रीम कोर्टापर्यंत जायचं का?

सीईटी सेलने एवढंच करावं. किरकोळ चूक कोणती आणि गंभीर कोणती, याची यादी माहितीपुस्तिकेत छापावी. स्पेलिंगच्या फरकाला कागदपत्र पडताळणीच्या टेबलावर साधं स्वयंघोषणापत्र चालावं. नोटरी नको, राजपत्र नको.

ऐरोली, बेलापूर आणि पनवेल, तिन्ही आमदारांना मी हे लेखी पाठवतोय. ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांनीही पाठवा. मसुदा हवा असेल तर मेसेज करा.