नट टाकाऊ नसतो, त्याला राबवायची पद्धत टाकाऊ असते

‘सीरियलवाला आहे, जरा कमी करायला सांगा.’ सिनेमाच्या सेटवर मॉनिटरमागून येणारं हे वाक्य मला आता सहन होत नाही. म्हणणाऱ्याचा बहुधा दुसराच सिनेमा असतो आणि समोरच्या नटाची उमेदीची अख्खी वर्षं कॅमेऱ्यासमोर गेलेली असतात. मी दोन्हीकडे काम केलं आहे, अजून करतो. मालिकेतल्या नटाला अभिनय येत नाही, ही समजूत धादांत खोटी आहे.

एका मालिकेत मला मुलगा गेल्याची बातमी ऐकायची होती. मेकअप अर्धा झाला होता तेव्हा पानं हातात आली, प्रिंटरमधून निघालेली, अजून गरम. मुलगा कशाने गेला, हे त्यात कुठेच नव्हतं. विचारलं तर क्रिएटिव्ह टीममधली मुलगी म्हणाली, ‘सर, ते चॅनेलकडून अजून लॉक नाही झालं. तुम्ही रिॲक्शन द्या ना.’ तिचा दोष नव्हता, दिग्दर्शकाचाही नव्हता. आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक संपली होती आणि त्याच रात्री टेलिकास्ट होतं. अख्ख्या सीनचा मास्टर शॉट झाला, मग एकेकाचे क्लोजअप. माझा क्लोज लागला तेव्हा जिच्याशी बोलायचं ती नटी दुसऱ्या युनिटकडे गेली होती. मी लाइटच्या स्टँडकडे बघून रडलो. अपघात की आजार, हे ठरलं नव्हतं म्हणून दोन्हीला चालेल असं रडलो.

त्याच सुमारास एका सिनेमातही मी बापच होतो. तिथे संहिता दोन महिने आधी घरी आली होती. दार उघडून आत यायचं आणि रिकामी खाट बघायची, एवढ्यावर दिग्दर्शकाने अर्धा दिवस दिला. किती संयत काम करता, म्हणून तिथे माझी पाठ थोपटली गेली. नट तोच होता. एकीकडे त्याला वेळ मिळाला, दुसरीकडे नाही.

हिशेब साधा आहे. आठवड्याला सहा एपिसोड, प्रत्येकी साधारण २२ मिनिटांचे, म्हणजे दोन तासांहून जास्त मजकूर. एक अख्खा सिनेमा दर आठवड्याला काढायचा, तो बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये, आणि गुरुवारी टीआरपी आला की ठरलेला ट्रॅक मोडून नवा लिहायचा. मग कालपर्यंत सज्जन असलेला माणूस आज विष कालवतो, आणि प्रेक्षक नटाला विचारतात, ‘अहो, असं काय करता?’ या कामाचे पैसे हातात पडतात ९० दिवसांनी. घरभाडं ९० दिवस थांबत नाही.

यावर ‘माध्यमच तसं आहे’ असं उत्तर मिळतं. हे मला मान्य नाही. दिग्दर्शक सतीश राजवाडे आणि नट स्वप्नील जोशी, मुक्ता बर्वे यांनी २०१० साली ‘मुंबई-पुणे-मुंबई’ हा सिनेमा केला आणि २०१२ साली ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ ही मालिका. ती वर्षाच्या आत संपली, तरी लोकांना अजून आठवते. ‘गांधी’मधल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवणाऱ्या रोहिणी हट्टंगडी ‘चार दिवस सासूचे’मध्ये होत्या; त्या मालिकेचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. त्यांनाही ‘सीरियलवाली’ म्हणून कमी करायला सांगणार का?

सिनेमावाल्यांनी फार ताठ मानेने बोलू नये. ‘बजेट नाही, पण रोल बघा’ म्हणत नटाला जवळजवळ फुकट राबवणारे निर्माते मी पाहिले आहेत. सिनेमा अडकतो, लागला तर दुपारचा एखादा शो मिळतो, दुसऱ्या आठवड्यात तोही जातो. अशा सिनेमात काम करणं नटाला परवडतं ते मालिकेच्या पैशांमुळे. ज्या चुलीवर आपलंही शिजतं, तिच्यावर थुंकायचं कशाला?

मालिकावाल्यांनीही ताठ मानेने बोलू नये. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर २०२० च्या सप्टेंबरात साताऱ्यात वारल्या. ‘मत्स्यगंधा’ नाटक गाजवलेली ही बाई वयाच्या ७९व्या वर्षी एका मालिकेच्या चित्रीकरणासाठी तिथे होती, युनिटमध्ये करोना पसरला आणि त्यात तिचा जीव गेला. आपण श्रद्धांजलीच्या पोस्ट टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉल टाइमला हजर झालो. मला त्याचा अजून संताप येतो. ज्येष्ठ नटांना किती तास बसवून ठेवायचं, त्यांचा विमा कोण काढणार, जवळ डॉक्टर असेल की नाही, हे तेव्हा तरी करारात यायला हवं होतं. आजही मेकअप रूममध्ये सत्तरी ओलांडलेली माणसं एका सीनसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीत पेंगत असतात. त्यांचा सीन शेवटी का लागतो? कारण ते तक्रार करत नाहीत.

चॅनेलने पानं आदल्या दिवशी द्यावीत, पैसे ३० दिवसांत द्यावेत आणि गोष्ट संपली की मालिका संपवावी. आणि मॉनिटरमागे बसणाऱ्यांनी पुढच्या वेळी त्या सीरियलवाल्याला संहिता घरी पाठवून, अर्धा दिवस देऊन बघावं. मग सांगावं, त्याला काय येत नाही ते.