शिर सलामत तर पगडी पचास

‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. मस्तक शाबूत असेल, तर मानाच्या पगड्या कितीही मिळतील, हा तिचा साधा अर्थ. परंतु परळी वैजनाथच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर या म्हणीचा लोकांना विसर पडला आहे, असेच वाटते. वैद्यनाथाच्या दर्शनाला, बाजाराला अथवा अंबाजोगाईच्या वाटेने कामाला निघालेले कितीतरी लोक मोटारसायकलवर उघड्या डोक्याने बसलेले दिसतात. याच गावच्या औष्णिक विद्युत केंद्रात यंत्रांजवळ काम करताना संरक्षक टोप घालावा लागतो आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. मग रस्त्यावरच त्याचा कंटाळा का यावा?

परळीकरांना याबाबतीत एक दुःखद आठवण आहे. याच तालुक्यातील नाथ्रा गावचे सुपुत्र, केंद्रीय ग्रामविकासमंत्री गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत विमानतळाकडे निघाले असता त्यांच्या मोटारीला दुसऱ्या मोटारीची धडक बसली आणि त्यांचे निधन झाले. ते मागच्या आसनावर बसले होते. आसनपट्टा बांधलेला असता तर त्यांचे प्राण वाचू शकले असते, असे तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी पुढे जाहीरपणे म्हटले. मोटारीला निदान पत्र्याचे कवच असते. दुचाकीस्वाराला तेही नसते. त्याचे कवच एकच, ते म्हणजे शिरस्त्राण, अर्थात हेल्मेट.

हे कवच दुचाकीस्वाराला मिळाले, त्यामागेही एक अपघात आहे. १९३५ साली इंग्लंडमध्ये टी. ई. लॉरेन्स हे विख्यात सेनाधिकारी व लेखक मोटारसायकलवरून पडले आणि डोक्याला मार लागून मरण पावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे शल्यवैद्य होते. त्यांनी पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

हेल्मेटच्या कठीण कवचाखाली फेसासारख्या हलक्या पदार्थाचा जाड थर असतो. डोके आपटताच हा थर स्वतः चेपला जातो आणि मेंदूला बसणारा धक्का सौम्य करतो. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी व डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. मात्र त्याचा पट्टा हनुवटीखाली नीट बांधलेला हवा; एरवी ऐन वेळी ते डोक्यावरून उडून जाते.

‘ऊन फार आहे’, ‘जवळच तर जायचे आहे’ अशा सबबी नेहमी ऐकू येतात. मराठवाड्याचे ऊन कडक आहे, हे खरे. पण उन्हाचा त्रास घटकाभराचा, मेंदूची दुखापत जन्माची. शिवाय अपघात काही अंतर मोजून येत नाही. काहींना हेल्मेट म्हणजे भित्रेपणा वाटतो. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाच्या भेटीस जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यास लोखंडी टोप घातला होता. म्हणून त्यांना भित्रे कोण म्हणेल? ज्याच्यावर अनेकांचा भार असतो, त्याने स्वतःला जपलेच पाहिजे. आणि प्रत्येक घरचा कर्ता माणूस असाच असतो.

मोटार वाहन कायद्याने चालकाबरोबर मागे बसणाऱ्यालाही, चार वर्षांवरील मुलांनाही, हेल्मेट आवश्यक ठरविले आहे. मुलांना वाहन चालविता येत नसले, तरी वडील गाडी काढू लागताच खुंटीवरचे हेल्मेट आणून त्यांच्या हाती देणे सहज जमण्यासारखे आहे. दंडाच्या भीतीने घातलेले हेल्मेट पोलीस दृष्टीआड होताच गाडीला लटकू लागते. लेकराने प्रेमाने दिलेले हेल्मेट घरी परतेपर्यंत डोक्यावर राहते.